भरतीच्या वेळी खरं सांगावं का? फौजेत दिवस काढलेल्यांनी बोला

रानवारा:
नमस्कार मंडळी. थोरल्या ताईचा मुलगा अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा पास झालाय. आता मैदान आणि मेडिकल. पोरगं जिद्दीचं आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो, दहा पुलअप्स सहज काढतो. अडचण दुसरीच आहे. लहानपणी त्याला बाळदमा होता. पहिलीत जाईपर्यंत दर पावसाळ्यात वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागायचं, त्यानंतर आजवर काही त्रास नाही. आणि अकरावीत असताना बांधावरून भावकीत मारामारी झाली, तेव्हा समोरच्यांनी फिर्यादीत घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं घातली, त्यात याचंही. पुढे तडजोड झाली, केस मिटली.

अकॅडमीतले सर म्हणतात, दोन्हीकडे ‘नाही’ लिहायचं, तोंडी विचारलं तरी नाहीच सांगायचं. खरं बोलणारी पोरं दर भरतीला घरी परत येताना ते बघतात म्हणे. ताईचंही तेच मत. दाजी अडून बसलेत, वर्दीची सुरुवात खोट्यानं नको म्हणून. पोराची मधल्यामधे कुतरओढ. मी फौजेतला नाही, त्यामुळे माझ्या मताला तिथे काही किंमत नाही. तुम्ही सांगा.

काळीमाती:
सर बरोबर आहेत. दमा म्हटलं की कागदावर लाल शिक्का. पोरगं आज धावतंय ना? मग दहा वर्षांपूर्वीची वाफ कशाला उकरून काढायची? गुन्ह्याचंही तसंच. भावकीचं भांडण नसलेलं घर दाखवा मला.

निवृत्त_सुभेदार:
रानवारा, जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. ट्रेनिंग बेळगावला. आमच्या वेळी मैदानात चड्डी-बनियनवर उभं करून छातीवर शाईनं नंबर टाकायचे. आता बारकोड आणि बायोमेट्रिक आलं. पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे. एनरोलमेंटचा फॉर्म भरून घेणारा अधिकारी प्रश्न विचारायच्या आधी बजावतो की खोटं उत्तर दिलंस तर आर्मी ॲक्टखाली शिक्षा आहे. ते त्यानं बजावणं कायद्यानंच सांगितलंय. मग प्रश्न सुरू. लग्न झालंय का, कधी तुरुंगात होतास का, आधी फौजेत होतास का, लस टोचून घेशील का, जमिनीवरून, समुद्रावरून, हवेतून जिथे पाठवू तिथे जाशील का, जातीच्या चालीरीती कामाच्या आड येऊ देणार नाहीस ना. हा शेवटचा प्रश्न ऐकून आमच्यातला एक जण हसला होता. त्याला पुढे ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी बराच वेळ हसवलं.

अकॅडमीवाले याला ‘फॉर्म भरणं’ म्हणतात. समोरच्या माणसाच्या दृष्टीनं ती तुमची साक्ष असते.

आता दम्याचं. मैदानावरच्या सोळाशे मीटरवरून छातीचा अंदाज करू नका. पलटण लेहला उतरते तेव्हा साडेअकरा हजार फुटांवर असते. वर जायच्या आधी हवेची सवय करून घेण्याचे टप्पे असतात. पहिला सहा दिवसांचा, त्यातले सुरुवातीचे दोन दिवस नुसता आराम. पुढच्या उंचीला आणखी चार, त्याच्या पुढच्या उंचीला आणखी चार. हे धडधाकट, तपासून घेतलेल्या जवानांसाठी आहे बरं का. तिथली कोरडी गार हवा छातीत गेली की गावातल्या मैदानावर कधी न दिसलेल्या गोष्टी दिसतात. आणि तिथे एकाला उचलून खाली आणायचं म्हणजे चार-सहा जण कामाला लागतात, तेही त्याच हवेत.

आमच्या सेंटरला एक रिक्रूट होता. त्याला फिट यायची. घरच्यांना माहीत, गावाला माहीत, गोळ्या सुरू होत्या. भरतीला ‘नाही’ सांगून आला. गोळ्या ट्रंकेत लपवायचा. किट तपासणीत सापडतील या भीतीनं त्यानं त्या टाकून दिल्या. पुढे फायरिंग रेंजवर, लोड केलेली रायफल हातात असताना, त्याला झटका आला. शेजारच्या पोरानं झडप घालून बॅरल खाली दाबली म्हणून नशीब. नंतर मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवलं आणि तो घरी गेला. त्याचा राग नाही मला, वीस वर्षांचं पोरगं ते. ज्यांनी त्याला ‘नाही सांग’ म्हटलं होतं ते रेंजवर नव्हते, एवढंच.

काळीमाती:
सुभेदारसाहेब, आदर आहे, पण तुम्ही पेन्शन घेता. या पोरांची नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१ हजार. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी. एवढ्यासाठी पोरं पहाटे चारला उठून डांबरावर गुडघे घासतात. वय निघून गेलं की संपलं.

आणि प्रामाणिकपणा काय फक्त पोरांनीच दाखवायचा? २०२१ च्या फेब्रुवारीत पेपर फुटला, पुण्यात धरपकड झाली आणि देशभरातली परीक्षा रद्द. मैदान मारून, मेडिकल होऊन बसलेली पोरं होती. मग करोना, मग २०२२ च्या जूनमध्ये योजनाच बदलली. ती पोरं कुठे खोटं बोलली होती? माझा सख्खा भाऊ होता त्यात. आज टेम्पो चालवतो.

निवृत्त_सुभेदार:
काळीमाती, भावाचं वाचून वाईट वाटलं. त्या पोरांवर अन्याय झाला, यावर माझं दुमत नाही. तुमचा राग खरा आहे. पण तो राग रानवाऱ्यांच्या भाच्याच्या फॉर्मवर काढू नका.

डॉ_मेघना:
मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर डॉक्टर होते. भरतीच्या मेडिकलला बसलेय, म्हणून थोडं लिहिते.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं डॉक्टर काही तरी खोट काढायलाच बसलाय. एका दिवसात शेकडो मुलं असतात. आम्ही जे बघतो त्यातलं बरंचसं लपवताच येत नाही. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, फुगलेल्या शिरा, वाकडं कोपर, हे उभं केल्याबरोबर दिसतं. आणि दुसरा मोठा गठ्ठा अगदी साध्या गोष्टींचा असतो. कानात मळ, किडलेले दात, नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसील, मूळव्याध. बरीच मुलं यात अडकतात. यातलं बहुतेक भरतीच्या आधीच जवळच्या दवाखान्यात निस्तरता येतं. अकॅडमीत त्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळा वेळ काय लपवायचं ते शिकवण्यात जातो.

अनफिट दिलं म्हणजे तिथेच सगळं संपलं असंही नाही. मिलिटरी हॉस्पिटलला स्पेशालिस्टकडून रिव्ह्यू मागता येतो. स्लिपवर ठिकाण आणि मुदत लिहिलेली असते. ती मुदत चुकवू नका. कित्येक मुलं ‘आता काय उपयोग’ म्हणून जातच नाहीत.

आता दमा. खरा दमा असेल तर अनफिट, यात गोड बोलण्यात अर्थ नाही. पण रानवारा, तुम्ही जे लिहिलंय ते दमाच होता हे कशावरून? पाच-सहा वर्षांच्या आतल्या पुष्कळ मुलांना सर्दीच्या विषाणूनं छातीत घरघर होते, वाफ द्यावी लागते, आणि श्वासनलिका मोठ्या झाल्या की ते थांबतं. घरात त्याला सरसकट ‘बाळदमा’ म्हणतात. त्यातली काही मुलं पुढे दमेकरी निघतात, बरीच निघत नाहीत. म्हणून आधी जुने कागद शोधा. मग छातीच्या डॉक्टरकडून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्या, धावण्याआधी आणि धावल्यानंतरही. निदान काय येतं ते बघा. ज्या आजाराचं नाव अजून नक्की नाही तो लपवायचा की सांगायचा यावर घरात भांडण चाललंय तुमच्या.

कान_टोचलेला:
मॅडम, उजव्या हातावर कोपराच्या खाली आतल्या बाजूला आईचं नाव गोंदवलंय. चालेल का? मित्र म्हणतो क्रीम लावून झाक.

डॉ_मेघना:
कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूला चालतं. झाकू नका. घाम आला की क्रीम उतरतं आणि मग उगाच चोर ठराल.

दर्यावर्दी:
नेव्हीतून सांगतो. आमच्या बॅचला एक जण रंगांधळेपणा तपासायच्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे पानांच्या क्रमासकट पाठ करून आला होता. अकॅडमीनं करून घेतलं होतं. गावाकडच्या तपासणीत पास. पुढे ओडिशात नेव्हीच्या ट्रेनिंग सेंटरला, आयएनएस चिल्काला, पुन्हा मेडिकल असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या माणसानं पुस्तक मागून उघडलं. घरी.

लोक हसतात या गोष्टीला. पण रात्री समुद्रावर समोरचं जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. तो कोणत्या बाजूनं येतोय हे त्यावरून ठरतं. लुकआउटवर उभ्या माणसाला ते दोन दिवे सारखेच दिसत असतील तर बाकीच्यांनी खाली झोपायचं कुणाच्या भरवशावर?

काळीमाती:
मान्य, रंगाचं मान्य. पण कायद्याचं बोला. मी वाचलंय, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरायचं आणि पेन्शन द्यायची. म्हणजे नोंद न होणंच पोराच्या फायद्याचं.

बाररूम:
वकिली करतो, सैन्याच्या केसेस अधूनमधून असतात. काळीमाती म्हणतात तो धरमवीर सिंह खटला. सिग्नल्समधला, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातला जवान, अपस्माराचा झटका, नोकरीतून काढलं, अपंगत्वाची पेन्शन नाकारली. कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. निकाल चांगलाच आहे. पण त्याचा पाया असा की भरती होताना माणूस धडधाकट होता असं गृहीत धरायचं, आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. गावच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी सरकारच्या हाती लागली तर ते गृहीतक टिकेल का? त्यात अग्निवीरांना पेन्शनच नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत मिळते, टक्केवारीप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख. हे अपंगत्व सेवेमुळे की आधीचं, असा वाद तिथेही निघणारच. तेव्हा हा निकाल लपवाछपवीसाठी वापरायच्या भानगडीत पडू नका.

खोट्या उत्तराचं कलम ४४, आर्मी ॲक्ट १९५०. जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद. व्यवहारात बहुतेकदा नोकरीवरून काढतात, पण पुढे दुसऱ्या सरकारी नोकरीच्या पडताळणीत ‘आधी का काढलं’ हा रकाना आयुष्यभर आडवा येतो.

आता भाच्याच्या गुन्ह्याबद्दल, आणि इथे मला वाटतं अकॅडमीचे सर पोराचं नुकसान करतायत. २०१६ चा अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायाधीशांचा निकाल बघा. पडताळणी अर्जात माहिती दडवली तर काय, याचे निकष त्यात घालून दिलेत. खरं लिहिलं तरी नोकरी द्यायची की नाही हा अधिकार खात्याकडे राहतो, हे खरं. पण किरकोळ प्रकरण असेल, तरुण वयातलं असेल, तर खात्यानं ते सोडून देण्याचा विचार करावा असंही त्यात आहे. म्हणजे एरवी माफ होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी पोरगं लपवल्याच्या ठपक्यावर घरी जातं. मी अशी प्रकरणं हाताळलीत, फार जीव तुटतो. आणि पोलीस पडताळणी होतेच. हल्ली सगळं ऑनलाइन असतं, तडजोड झाली म्हणून नाव रेकॉर्डवरून उतरत नाही.

त्यात भाचा अकरावीत होता, म्हणजे अठराच्या आत? तसं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे. अल्पवयात दोष सिद्ध झाला तरी त्यावरून पुढे सहसा अपात्र ठरवता येत नाही, आणि याचा तर दोषही सिद्ध नाही. मला तीन गोष्टी कळवा. फिर्यादीच्या तारखेला त्याचं नक्की वय. दोषारोपपत्रात त्याचं नाव आहे की पोलिसांनी आधीच वगळलं. आणि ‘मिटली’ म्हणजे काय? खालच्या कोर्टात तडजोड झाली, हायकोर्टानं गुन्हा रद्द केला, की नुसतेच लोक तारखेला जायचे बंद झाले? तिसरं असेल तर केस जिवंत आहे. गावाकडे हे फार होतं.

छावणीतली_वहिनी:
एक राहिलं. लग्न. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित लागतो आणि चार वर्षांतही लग्न करता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं गुपचूप रजिस्टर लग्न करून ठेवलं होतं. कागदोपत्री वारस आई. मुलीच्या जिवाला चार वर्षं घोर, याला काही झालं तर आपण कोण म्हणून उभं राहायचं? फॉर्मवरचं खोटं पोरगं लिहितं आणि निस्तरायला घरातल्या बायका.

निवृत्त_सुभेदार:
वहिनी बरोबर बोलल्या. जन्मतारखेचंही असंच. शाळेत मास्तरांनी अंदाजे टाकलेली एक, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरी. हा घोळ लष्करप्रमुखालाही चुकला नाही. जनरल व्ही. के. सिंह यांचं १९५० की १९५१ हे प्रकरण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथून याचिका मागे घ्यावी लागली. सगळे कागद दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटशी जुळवून घ्या. नावाचं स्पेलिंगसुद्धा. आधारवर एक, मार्कशीटवर एक, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

आणि अकॅडमीवाल्यांबद्दल. सगळे वाईट नसतात. स्वतः निवृत्त होऊन गावच्या पोरांना फुकट पळवणारेही मी बघितलेत. पण जो म्हणतो ‘आत माझी ओळख आहे, एवढे द्या, मेडिकल बघून घेतो’, त्याला दारात उभं करू नका. भरतीला पैसा लागत नाही. तो दलाल शंभर पोरांकडून घेतो, त्यातली काही आपल्या बळावर लागतातच, उरलेल्यांचे परत देतो आणि प्रामाणिक म्हणून मिरवतो.

शिवारातला_पाऊस:
😀 हा धंदा आमच्याकडे पण. एकानं तर पैसे बँकेत ठेवून व्याज खाल्लं.

रानवारा:
सगळ्यांचे आभार. रात्री ताई-दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाररूम, वय तेव्हा सोळा पूर्ण. कोर्टातून नकला मागवल्या. दोषारोपपत्रात त्याचं नाव नाहीच, पोलिसांनी तपासातच वगळलं होतं. एवढी वर्षं आम्ही पोरावर केस आहे म्हणून घाबरत होतो आणि कुणी कागद उघडून बघितला नव्हता. मोठ्यांचं खालच्या कोर्टात तडजोडीनं संपलंय, त्याचा आदेशही मिळाला.

डॉक्टर, जुना दवाखाना बंद झालाय, पण ताईकडे एक फाइल निघाली. अक्षर लागत नाही. स्पायरोमेट्रीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. ताई अजून म्हणते, दमा निघाला तर? पोरगं म्हणालं, निघाला तर मला आत्ता कळू दे, मी पोलीस भरती बघतो की आयटीआय करतो ते ठरवीन. अकॅडमीतले सर रागावलेत, बोलत नाहीत. फी भरून झालीय, त्यामुळे पळायला जातो तो.

बाररूम:
उत्तम. अर्जात ‘कधी गुन्हा नोंदला होता का’ असा प्रश्न असेल तर हो लिहा, पुढे तारीख, अल्पवयीन, तपासात नाव वगळलं. प्रश्न फक्त ‘शिक्षा झालीय का’ असा असेल तर सरळ नाही, तेच खरं उत्तर. विचारलंय त्याचं पूर्ण उत्तर द्या, न विचारलेली रामकहाणी नको. दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

डॉ_मेघना:
फाइलमधल्या औषधांची नावं लागतील तेवढी इथे टाका, रुग्णाचं नाव झाकून. औषधांवरून अंदाज येतो. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी ‘छाती मोकळी राहावी’ म्हणून कुणी दम्याचा पंप द्यायला आलं तर घेऊ नका, निकालच चुकेल.

काळीमाती:
माझं मत फारसं बदललेलं नाही. पण डॉक्टर, चुलतभावाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, कबड्डी खेळताना. तो मे महिन्यापासून पळतोय. सर म्हणतात सांगू नको.

डॉ_मेघना:
काळीमाती, ऑपरेशनचे टाके गुडघ्यावर दिसतात हो. सरांना विचारा ते कसे लपवणार. एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा. बसताना-उठताना गुडघा सरकतो का, जिना उतरताना दुखतो का, ते लिहा.

काळीमाती:
जिना उतरताना दुखतो म्हणतो. कार्ड शोधायला सांगतो.